वनस्पतींची शास्त्रीय नावे : त्यांचा अर्थ व शेतकऱ्यास उपयोग

बियाण्याच्या पिशवीवर, रोपवाटिकेतील पाटीवर किंवा शेतीविषयक पुस्तकात पिकाच्या नेहमीच्या नावाशेजारी पुष्कळदा दोन परक्या शब्दांचे एक नाव छापलेले असते. हरभऱ्याशेजारी ‘सायसर ॲरिएटिनम’, भुईमुगाशेजारी ‘ॲरॅकिस हायपोजिया’. ही नावे विद्वानांसाठी आहेत, आपणांस त्यांचे काय प्रयोजन, असे समजून बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात. वस्तुतः ही नावे शेतकऱ्याच्या फार उपयोगाची आहेत. त्यांतील बहुतेक शब्द ग्रीक व लॅटिन या प्राचीन भाषांतील असून त्यांचे अर्थ अगदी साधे आहेत. कोठे मेंढ्याचे डोके, कोठे गोचीड, कोठे कुत्र्याचा दात. अर्थ एकदा कळला म्हणजे नाव ध्यानात ठेवणे कठीण जात नाही, आणि नाव ध्यानात राहिले म्हणजे वनस्पतीच्या ओळखीत होणारी चूक टळते. ही चूक कधी एका हंगामाचे नुकसान करते, तर कधी जिवावर बेतते.

स्थानिक नावांतील अडचण

आपली मराठी नावे अर्थपूर्ण आहेत व रोजच्या व्यवहारास तीच योग्य होत. परंतु पुष्कळदा एकच नाव दोन वनस्पतींना दिलेले आढळते, तर एकाच वनस्पतीस जिल्ह्याजिल्ह्यांत निरनिराळी नावे असतात.

‘गोखरू’ हे नाव घ्या. जमिनीसरपट पसरणारा, पिवळ्या फुलांचा सराटा यास गोखरू म्हणतात व त्याची फळे आयुर्वेदात गोक्षुर म्हणून वापरतात. ओढ्याकाठी व पडीक जमिनीत उभे वाढणारे, रुंद पानांचे आणि गुरांच्या अंगास चिकटणाऱ्या आकडेदार फळांचे जे तण असते, त्यासही गोखरूच म्हणतात. या दुसऱ्या गोखरूची कोवळी रोपे खाण्यात आल्यास जनावरांना विषबाधा होते. पहिल्याचे शास्त्रीय नाव ‘ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस’ आणि दुसऱ्याचे ‘झँथियम स्ट्रुमॅरियम’. ही नावे सांगितल्यावर घोटाळ्यास जागा उरत नाही.

‘ब्राह्मी’ची गोष्टही अशीच आहे. दलदलीत वाढणारी, लहान जाडसर पानांची ‘बॅकोपा मोनिएरी’ आणि मूत्रपिंडाच्या आकाराच्या पानांची, जमिनीवर पसरणारी ‘सेंटेला एशियाटिका’ या दोन्हींना निरनिराळ्या भागांत ब्राह्मी म्हणतात. औषधी वनस्पतीची लागवड करणाऱ्याने एक लावली आणि खरेदीदारास दुसरी हवी असली, तर सगळा माल हातावर राहतो.

गाजरगवताचे नाव तर दोन्ही अंगांनी फसवे आहे. ते गाजरही नव्हे आणि गवतही नव्हे. ते सूर्यफुलाच्या कुलातील रुंद पानांचे तण आहे. पुण्यात 1955-56 च्या सुमारास त्याची नोंद झाली व पुढे ते देशभर पसरले. त्याचे शास्त्रीय नाव ‘पार्थेनियम हिस्टेरोफोरस’. केवळ ‘गवत’ या शब्दावर विसंबून गवतवर्गीय तणांचे तणनाशक त्यावर फवारले, तर औषध व मजुरी दोन्ही वाया जातात.

दोन पदांचे नाव

आज प्रचारात असलेली द्विपद नावांची पद्धत कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने रूढ केली. त्याचा जन्म 1707 मध्ये व मृत्यू 1778 मध्ये झाला. त्याच्या पूर्वी प्रत्येक वनस्पतीचे नाव म्हणजे लॅटिनमधील एक लांब वर्णनच असे. पाने कशी, फूल कसे, खोड कसे, हे सर्व नावातच सांगावे लागे. लिनियसने 1753 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘स्पीशीज प्लँटॅरम’ या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीस दोनच शब्दांचे सुटसुटीत नाव दिले. हा ग्रंथ वनस्पतींच्या शास्त्रीय नावांचा आरंभबिंदू म्हणून जगभर मानला जातो.

या दोन पदांपैकी पहिले पद वंशाचे व दुसरे जातीचे असते. ‘ॲलियम सीपा’ म्हणजे कांदा व ‘ॲलियम सटायव्हम’ म्हणजे लसूण. ॲलियम हा वंश दोहोंत समान आहे. यावरून कांदा व लसूण ही एकमेकांची जवळची भावंडे होत, हे नावावरूनच कळते. आपल्या आडनावाप्रमाणेच हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे आडनाव आधी येते. नावापुढे ‘एल’ हे रोमन अक्षर छापलेले असल्यास ते नाव लिनियसने दिलेले आहे असे समजावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मराठीत ‘काळा, काळी, काळे’ अशी विशेषणाची रूपे लिंगाप्रमाणे बदलतात, तसेच लॅटिनमध्येही होते. ‘सटायव्हस, सटायव्हा, सटायव्हम’ हे तीन निराळे शब्द नसून एकाच शब्दाची तीन रूपे होत.

लिनियसच्या काळी युरोपातील विद्वानांची सामायिक भाषा लॅटिन होती, म्हणून नावे त्या भाषेत घडली. पुढे ती कोणत्याही देशाची बोलभाषा उरली नाही. त्यामुळे शब्दांचे अर्थ पालटण्याचे भय राहिले नाही. नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्येच लिहिले पाहिजे हा नियम 2012 पासून शिथिल झाला व इंग्रजी वर्णनही चालू लागले. मात्र नाव आजही लॅटिनच्याच नियमांनी घडवावे लागते.

प्राचीनांकडून आलेली नावे

लिनियसने सर्वच नावे नवी बनविली नाहीत. कित्येक शब्द त्याने ग्रीक व रोमन ग्रंथकारांपासून घेतले. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस याने ख्रिस्तपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकात वनस्पतींवर ग्रंथ लिहिले. अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर आलेल्या लोकांनी हिंदुस्थानाविषयी सांगितलेली माहिती त्यात आहे. लोकर देणारी झाडे म्हणून कापसाचे व त्याचप्रमाणे भाताचे वर्णन त्यात आढळते. रोमन लेखक प्लिनी हा इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावला. त्याच्या 37 खंडांच्या ग्रंथात शेती व वनस्पती यांचा मोठा भाग आहे.

भाताचे ‘ओरायझा’ हे वंशनाम ग्रीक भाषेतील भाताचाच शब्द होय. गव्हाचे ‘ट्रिटिकम’ हे नाव लॅटिन असून त्याचा संबंध चोळणे, मळणे या अर्थाच्या धातूशी जोडतात. मळून काढावयाचे धान्य ते ट्रिटिकम. हरभऱ्यास रोमन लोक ‘सायसर’ म्हणत. प्रसिद्ध रोमन वक्ता सिसेरो याच्या घराण्याचे नाव याच हरभऱ्यावरून पडले. नाचणीचे शास्त्रीय नाव ‘एल्युसिन कोरॅकाना’. एल्युसिस हे ग्रीस देशातील गाव धान्यदेवता डिमीटर हिच्या मंदिरासाठी विख्यात होते. त्यावरून वंशनाम आले. ‘कोरॅकाना’ हे पद मात्र नाचणीच्या सिंहली ‘कुरक्कन’ या नावावरून घेतले आहे. एकाच नावात ग्रीसची देवी व सिंहलद्वीपाची बोली अशी एकत्र आली आहेत.

रूपावरून पडलेली नावे

पुष्कळ नावे वनस्पतीकडे नीट पाहूनच ठेवलेली आहेत. हरभऱ्याचा दाणा हातात घेऊन पाहावा. त्याची चोच व दोन्ही बाजूंचे फुगीर गाल मेंढ्याच्या डोक्यासारखे दिसतात. म्हणून ‘ॲरिएटिनम’, म्हणजे मेंढ्यासारखा. एरंडाचे बी चपटे, चकचकीत व ठिपकेदार असते. गोचिडीस लॅटिनमध्ये ‘रिसिनस’ म्हणतात. त्यावरून एरंडाचे नाव ‘रिसिनस कम्युनिस’. कम्युनिस म्हणजे सर्वत्र आढळणारा.

भुईमुगाच्या ‘हायपोजिया’ या पदात ‘हायपो’ म्हणजे खाली व ‘जी’ म्हणजे भूमी. फूल जमिनीवर येते, पण शेंग मातीत पोसते, हा या पिकाचा विशेष या एका शब्दात आला आहे. सूर्यफुलाचे ‘हेलिअँथस’ हे नाव तर आपल्या मराठी नावाचा जणू जोडशब्दच आहे. ‘हेलिओस’ म्हणजे सूर्य व ‘अँथॉस’ म्हणजे फूल. बाजरीचा ‘पेनिसेटम’ म्हणजे पिसासारखे राठ केस असलेले कणीस. पळसाच्या शेंगेत टोकाशी एकच बी असते, म्हणून त्याचे नाव ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’. ‘मोनो’ म्हणजे एक व ‘स्पर्मा’ म्हणजे बी. खपली गव्हाच्या प्रत्येक कणिशिकेत सामान्यतः दोन दाणे भरतात. म्हणून तो ‘डायकोकम’, दोन दाण्यांचा.

हराळी शेतकऱ्याची जुनी वैरीण. तिचे नाव ‘सायनोडॉन डॅक्टिलॉन’. सायनोडॉन म्हणजे कुत्र्याचा दात व डॅक्टिलॉन म्हणजे बोट. तिचा तुरा हाताच्या पसरलेल्या बोटांसारखा असतो. लव्हाळ्याचे नाव ‘सायपेरस रोटंडस’; रोटंडस म्हणजे गोल. हा शब्द त्याच्या जमिनीतील गाठींची आठवण करून देतो, आणि लव्हाळ्याचे खरे बळ या गाठींतच असते.

उपयोगावरून पडलेली नावे

काही नावांवरून माणसाने त्या वनस्पतीचा काय उपयोग केला हे कळते. बिब्ब्याचे ‘सेमेकार्पस’ हे नाव ‘खूण’ व ‘फळ’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचे बनले आहे. परीट लोक कपड्यांवर खुणा करण्यास बिब्बा वापरीत, तोच हा उपयोग. करडईचे ‘टिंक्टोरियस’ म्हणजे रंगविण्याच्या कामाची. तिच्या पाकळ्यांपासून पूर्वी कापडाचा रंग काढीत. जवसाचे ‘लिनम युसिटॅटिसिमम’. या दुसऱ्या पदाचा अर्थ अत्यंत उपयुक्त असा आहे, कारण एकाच पिकापासून तेल व धागा दोन्ही मिळतात. शेवग्याचे ‘ओलिफेरा’ म्हणजे तेल देणारा, द्राक्षाचे ‘व्हिनिफेरा’ म्हणजे मद्य देणारे, अश्वगंधेचे ‘सॉम्निफेरा’ म्हणजे झोप आणणारी. मेथीच्या ‘फीनम-ग्रीकम’ या जोडपदाचा अर्थ ग्रीक देशाची वैरण असा आहे. रोमन लोक मेथी गुरांना चारीत.

उसाच्या नावातील ‘ऑफिसिनॅरम’ हा शब्द औषधी विकणाऱ्यांच्या दुकानावरून आला. युरोपात साखर प्रथम औषध म्हणून, थोड्या थोड्या प्रमाणात विकली जात असे, हा इतिहास त्यात शिल्लक राहिला आहे.

आपल्या भाषांतून तिकडे गेलेले शब्द

ही नावे सर्वस्वी परकी आहेत असेही नाही. उसाचे ‘सॅकॅरम’ हे वंशनाम ग्रीक शब्दावरून आले, आणि तो ग्रीक शब्द आपल्या ‘शर्करा’ शब्दापासून निघाला. मिरीचे ‘पायपर’ हे ‘पिप्पली’चे रूपांतर होय. आल्याच्या ‘झिंजिबर’मागे ‘शृंगवेर’ आहे. आंब्याच्या ‘मँजिफेरा’मध्ये दक्षिणेतील ‘मांगा’ हा शब्द व ‘धारण करणारा’ या अर्थाचे लॅटिन पद यांचा संयोग झाला आहे. शेवग्याचे ‘मोरिंगा’ व सागाचे ‘टेक्टोना’ हीही दक्षिणी भाषांतून गेली आहेत.

या देवघेवीतील एक मोठा दुवा म्हणजे ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ. कोचीनचा डच अधिकारी व्हान रेडे याने मलबारातील वनस्पतींची माहिती व चित्रे जमवून तो तयार करविला. 1678 ते 1693 या काळात तो ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. या कामी मलबारातील इट्टी अच्युतन या वैद्याप्रमाणेच रंग भट, विनायक पंडित व आपू भट या तीन कोंकणी वैद्यांचे साहाय्य झाले. त्यांनी दिलेले कोंकणी भाषेतील प्रमाणपत्र नागरी लिपीत त्या ग्रंथात छापलेले आहे. लिनियसने आपल्या कामात या ग्रंथाचा मोठा उपयोग केला. तेव्हा आज आपण परकी म्हणून ओलांडून जातो त्या नावांच्या घडणीत आपल्याकडील वैद्यांच्या ज्ञानाचाही वाटा आहे.

वारंवार येणारे काही शब्द

पुढील थोडे शब्द पाठ केल्यास शेकडो नावांचा अर्थ लागू शकतो.

सटायव्हा – पेरलेली, लागवडीची : भात, लसूण.
ॲन्यूअस – एका वर्षात जीवन संपविणारा : सूर्यफूल.
इंडिका – हिंदुस्थानची : आंबा, कडुनिंब, कोकम.
आल्बम – पांढरे : चंदन.
नायग्रम – काळे : मिरी, कामोणी.
बायकलर – दुरंगी : ज्वारी.
ग्रँडिस – मोठा : साग.
लाँगा – लांब : हळद.
ड्यूरम – कठीण दाण्याचा : बन्सी गहू.
स्पायनोसस – काटेरी : काटेमाठ.
हर्सुटम – केसाळ : अमेरिकन कापूस.
एस्क्युलेंटा – खाण्यास योग्य : अळू.
ओलेरेसिया – भाजीपाल्याच्या मळ्यातील : कोबी, घोळ.
व्हेरा – खरी : कोरफड.
फेरा – देणारी, धारण करणारी : शेवगा, द्राक्ष.
फोलिया – पान : मटकी.
कार्पस – फळ : फणस, बिब्बा.

नावाच्या अर्थावर कोठवर विसंबावे ?

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. नावाचा अर्थ स्मरणास साह्य करतो. तो वनस्पतीच्या गुणाचा पुरावा नव्हे. एकदा नियमानुसार दिलेले नाव केवळ त्याचा अर्थ चुकीचा आहे एवढ्यावरून बदलता येत नाही. त्यामुळे काही फसवे अर्थ कायमचे राहून गेले आहेत.

याचे उत्तम उदाहरण मूग व उडीद यांचे. ‘व्हिग्ना मुंगो’ हे नाव ऐकताच कोणासही ते मुगाचे वाटेल. परंतु ते उडदाचे नाव आहे. मुगाचे नाव ‘व्हिग्ना रेडिएटा’. बियाणे मागविताना किंवा इंग्रजी पत्रक वाचताना येथे हमखास चूक होते.

स्थलवाचक नावांचेही असेच आहे. चिंचेस ‘टॅमॅरिंडस इंडिका’ म्हणतात. अरबांनी तिला हिंदुस्थानचा खजूर म्हटले, त्यावरून हे नाव पडले; पण चिंच मूळची आफ्रिकेची आहे. डाळिंबाच्या ‘प्युनिका’ या नावात उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरीचा निर्देश आहे. रोमन लोकांना ते फळ तिकडून परिचित झाले, परंतु डाळिंबाचे मूळस्थान इराण व त्याच्या आसपासचा प्रदेश होय. गव्हाच्या ‘ईस्टिव्हम’ पदाचा अर्थ उन्हाळी असा आहे. युरोपात वसंतात पेरून उन्हाळ्यात काढावयाच्या गव्हास ते नाव दिले गेले. आपल्याकडे तोच गहू रब्बीचे पीक आहे.

खाण्याच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे. लाख अथवा लाखोळी हिचे नाव ‘लॅथिरस सटायव्हस’. सटायव्हस म्हणजे लागवडीची. निर्धोक असा त्याचा अर्थ नाही. दीर्घकाळ हीच डाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पायांना लुळेपणा येतो, हे दुष्काळांत अनेकदा दिसून आले आहे. कळलावीचे नाव ‘ग्लोरिओसा सुपर्बा’. दोन्ही पदे तिच्या फुलाच्या वैभवाचे वर्णन करतात. परंतु तिचा कंद अत्यंत विषारी असून तो खाण्याच्या कंदासारखा दिसल्यामुळे माणसे दगावली आहेत. उलटपक्षी मटकीच्या ‘अकोनिटिफोलिया’ या नावात बचनागाचा उल्लेख आहे. तो केवळ पानाच्या सारखेपणामुळे. मटकीत बचनागाचे विष नाही.

पिवळा धोत्रा हा खरा धोत्रा नव्हे. तो अफूच्या कुलातील असून त्याचे नाव ‘अर्जेमोन मेक्सिकाना’. ‘अर्जेमा’ हे डोळ्यातील फुलाचे ग्रीक नाव; त्या विकारावर अशा वनस्पतीचा रस वापरीत, यावरून ते पडले. नावातील हा औषधी उल्लेख पाहून कोणीही तो प्रयोग करू नये. याचे बारीक काळे बी मोहरीसारखे दिसते. 1998 मध्ये दिल्लीत या बियांच्या तेलाची भेसळ असलेले मोहरीचे तेल खाण्यात आल्याने जलोदरासारख्या सुजेची साथ आली व साठाहून अधिक माणसे मृत्यू पावली. मोहरीच्या शेतातील पिवळा धोत्रा फुलावर येण्यापूर्वीच उपटून टाकणे म्हणूनच आवश्यक आहे.

नावे कधी कधी का बदलतात ?

जुन्या पुस्तकात ज्वारी ‘सॉर्घम व्हल्गेर’ व टोमॅटो ‘लायकोपर्सिकॉन एस्क्युलेंटम’ या नावाने आढळतो. आज ज्वारीस ‘सॉर्घम बायकलर’ व टोमॅटोस ‘सोलॅनम लायकोपर्सिकम’ म्हणतात. अभ्यासाने वनस्पतींचे नाते अधिक स्पष्ट झाले, अथवा त्याच वनस्पतीचे अधिक जुने नाव ग्राह्य ठरले, म्हणजे असा बदल होतो. टोमॅटोस स्वतंत्र वंश न मानता वांगे व बटाटा यांच्याच सोलॅनम वंशात घेतले गेले. शेतकऱ्यास याचाही उपयोग आहे. वांगे, बटाटा व टोमॅटो यांना मर रोगासारखे काही रोग समान आहेत. म्हणून रोगग्रस्त वाफ्यात टोमॅटोनंतर वांगे लावणे म्हणजे रोगास आश्रय देणे होय. जुने नाव चुकीचे म्हणून पुस्तक टाकून देण्याचे मात्र कारण नाही. दोन्ही नावे टिपून ठेवावीत.

शेतकामात या नावांचा उपयोग

कापूस-उत्पादकास या नावांचा उपयोग विशेष आहे. आपल्या देशात कापसाच्या चार जाती लागवडीस आहेत. ‘गॉसिपियम आर्बोरियम’ (झाडासारखा) व ‘गॉसिपियम हर्बेसियम’ (मऊ खोडाचा) या देशी जाती. ‘गॉसिपियम हर्सुटम’ (केसाळ) ही अमेरिकन. आणि ‘गॉसिपियम बार्बाडेन्स’ (बार्बाडोस बेटाचा) ही लांब धाग्याची. पहिल्या दोहोंत गुणसूत्रे 26 व पुढील दोहोंत 52 असतात. त्यामुळे देशी व अमेरिकन कापसाचा संकर सहजासहजी होत नाही. 2002 पासून आपल्याकडे आलेले बीटी संकरित वाण मुख्यतः हर्सुटम जातीचे आहेत. कोरडवाहू हलक्या जमिनीत देशी कापूस घेऊ इच्छिणाऱ्याने पिशवीवर ‘आर्बोरियम’ वा ‘हर्बेसियम’ हे पद आहे की नाही ते पाहावे. पानावरील लव तुडतुड्यांना अडथळा करते हे खरे; तथापि ‘हर्सुटम’ या नावावरून प्रत्येक वाण केसाळ असेलच असे समजू नये.

संत्र्याच्या बागाईतदारास खुंटाची खात्री हवी असते. नागपुरी संत्रा म्हणजे ‘सिट्रस रेटिक्युलाटा’. रेटिक्युलाटा म्हणजे जाळीदार. त्याचा डोळा जंबेरी अथवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरतात. जंबेरीचे शास्त्रीय नाव ‘सिट्रस जंभिरी’ व रंगपूरचे ‘सिट्रस लिमोनिया’. कलमाची खरेदी करताना खुंटाचे हे नाव पावतीवर लिहून घ्यावे. खुंट चुकल्याचे कलम लावल्यावर कित्येक वर्षांनी ध्यानात येते, आणि तोवर बागेवरील खर्च होऊन गेलेला असतो.

शास्त्रीय नावाची एक मर्यादाही ओळखून असावे. ते जात सांगते. वाण सांगत नाही. हापूस, केसर व रायवळ हे तिन्ही ‘मँजिफेरा इंडिका’च होत. वाणाचे नाव लॅटिनमध्ये नसते. ते साध्या भाषेत, निराळे लिहितात. ‘सॉर्घम बायकलर’ यापुढे ‘मालदांडी 35-1’ असे लिहिले म्हणजे वंश, जाती व वाण अशी पूर्ण ओळख होते.

शेतकरी बंधु-भगिनींनी पुढील गोष्टी आचरणात आणाव्यात.

1. आपल्या शेतातील प्रमुख पिके व त्रासदायक तणे यांची शास्त्रीय नावे मराठी नावांसह एका वहीत लिहून ठेवावीत.

2. औषधी वनस्पतींची रोपे किंवा बियाणे घेण्यापूर्वी, तसेच विक्रीचा करार करण्यापूर्वी, दोन्ही पक्षांच्या कागदावर एकच शास्त्रीय नाव असल्याची खात्री करावी.

3. अपरिचित तणासंबंधी सल्ला हवा असल्यास मूळ, खोड, पान, फूल व फळ यांसह संपूर्ण झाड कृषी अधिकाऱ्यांस किंवा कृषी विद्यापीठास दाखवावे. नुसते नाव सांगून तणनाशक विचारू नये.

4. जनावरास वा माणसास विषबाधेचा संशय आल्यास खाल्लेल्या वनस्पतीची फांदी डॉक्टरांकडे बरोबर न्यावी. वनस्पतीची ओळख पटल्यास उपचारास दिशा मिळते.

5. नावाच्या अर्थावरून कोणतीही वनस्पती खाण्याजोगी वा औषधी आहे असा निष्कर्ष काढू नये.

गावातील शाळेत शिक्षकांनी मुलांकडून बांधावरच्या दहा-वीस वनस्पती ओळखवून त्यांची मराठी व शास्त्रीय नावे पाटीवर लिहवून घेतल्यास हा अभ्यास लहानपणापासूनच अंगवळणी पडेल. हरभऱ्याच्या दाण्यात मेंढ्याचे डोके व एरंडाच्या बीत गोचीड एकदा पाहिलेले मूल ती नावे सहसा विसरणार नाही. वृद्ध माणसांना ठाऊक असलेली स्थानिक नावेही त्याच वहीत उतरवून घ्यावीत. स्थानिक नावात आपल्या भूमीचा अनुभव साठविलेला आहे व शास्त्रीय नावाने त्या वनस्पतीची ओळख जगभर निश्चित होते; दोन्ही जवळ असली म्हणजे बियाणे घेताना, तण मारताना व माल विकताना शेतकऱ्याची फसगत होण्याचा संभव पुष्कळ कमी होतो.